मिसेस आर्विड टोलेफसन

टीव्हीवर उघड्याबंब पुरुषांनी एका बाईला पालखीत बसवून टेनिस खेळायला आणलं, तेव्हा आर्विड टोलेफसन इतका हसला की त्याची कॉफी बशीत सांडली.

"बघ ममा, बघ! आली वाजतगाजत. जाताना रडत जाईल."

पोरं झाल्यापासून तो बायकोला ममा म्हणायचा. पोरं मोठी होऊन मिनियापोलिसला गेली. ममा तेवढी मागे राहिली.

ममानं मान वर केली नाही. तिच्यापुढे चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकाची प्रुफं होती, आणि ती उद्या सकाळी आठला छापखान्यात पोचायची होती. एक्केचाळीस पदार्थ, आणि प्रत्येकाखाली नाव. मिसेस ऑरिन बाक्के. मिसेस कर्मिट मो. मिसेस आर्विड टोलेफसन. म्हणजे चाळीस पुरुष, ज्यांतल्या एकालाही अंडं उकडता येत नव्हतं, छापात मात्र सगळे सुगरण. एक्केचाळिसावा पदार्थ मिस बोरघिल्ड निलसन यांचा. गावात बाईला स्वतःचं नाव छापून आणायची एकच वाट होती, लग्न न करण्याची, आणि ती एकट्या बोरघिल्डबाईंनीच धरली होती.

ममाचं नाव आर्डिस. तिची जंगली तांदळाची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला एकत्र पदार्थ, जिल्ह्याच्या जत्रेत सहा वेळा पहिली आली होती, आणि बक्षिसाच्या सहाही निळ्या फितींवर 'मिसेस आर्विड' होतं. यंदा तिनं पुस्तकात एकदाच स्वतःचं नाव मागितलं. पण चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष आर्विड, आणि प्रुफांवर सही त्याची.

"लोक म्हणतील, टोलेफसनांचा संसार मोडला," तो म्हणाला होता.

मग आज जेवताना, पोट भरल्याच्या आनंदात, त्यानं आपण होऊन पैज लावली. टीव्हीवरचा तो पंचावन्न वर्षांचा जुना टेनिस खेळाडू रिग्ज महिनाभर सांगत होता की जगातली कुठलीही बाई आणा, हरवतो. "तो हरला तर घाल तुला हवं ते नाव," आर्विड म्हणाला. "जिंकला तर हिवाळाभर दर गुरुवारी माझ्या बोलिंगच्या टोळीला इथं जेवण."

"टोळीत किती जण?"

"नऊ."

"आणि जेवणारे?"

"बारा. ऑरिन एकटा चौघांचं खातो."

सामना सुरू झाला. रिग्ज तीन-दोननं पुढे गेला.

"ममा, मोठं पातेलं काढून ठेव."

आर्डिसनं रवाळ साखरेच्या जागी पडलेली 'रवाळ सागर' दुरुस्त केली आणि पान उलटलं. पहिला सेट बाईनं घेतला.

"अंगात जाकीट घालून खेळला सुरुवातीला. घाम फुटला बिचाऱ्याला."

"आता कुठंय जाकीट?"

"काढलं ना. आता बघ."

जाकीट काढलेल्या रिग्जनं दुसराही सेट घालवला. मग दोष त्याच्या बुटांवर आला, मग सामना चालला होता त्या ह्यूस्टनच्या मैदानातल्या दिव्यांवर. तिसऱ्या सेटमध्ये आर्विडकडचे दोष संपले. तो बशीतली कॉफी पीत राहिला. शेवटी रिग्जनं चेंडू जाळ्यात मारला, आणि बाईनं रॅकेट उंच हवेत भिरकावली.

"ठरवून हरला," आर्विड म्हणाला. "पैसे खाल्ले असणार."

"सही," आर्डिस म्हणाली.

आर्विड हट्टी होता, पण शब्द फिरवणारा नव्हता. त्यानं सही केली. आर्डिसनं पेन्सिलला टोक काढलं, हॉटडिशखालचं नाव खोडलं आणि सावकाश, शाळेत शिकवलेल्या वळणात लिहिलं : आर्डिस टोलेफसन.

"आडनाव तरी माझंच ना?" आर्विडनं वाकून पाहिलं.

"ते राहू दिलंय."

तेवढ्यात फोन वाजला. आर्डिसनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, आणि आणखी एक नाव खोडून नवं लिहिलं.

"कोण होतं?"

"लाव्हॉन. ऑरिनही हरला."

"कोण लाव्हॉन?"

"ऑरिनची बायको. एकोणीस वर्षं आपलं कुंपण एक आहे, आर्विड."

फोन परत वाजला. पैज काही एकाच घरात लागलेली नव्हती. आर्विड खांद्यावरून वाचत होता. "ही व्हर्ना कोण?"

"तुझ्या सख्ख्या भावाची बायको."

"तिचं नाव व्हर्ना आहे?"

बाराव्या फोननंतर त्यानं प्रुफं स्वतःकडे ओढली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग परत उलटं फिरवलं.

"म्हणजे माझं नाव आता कुठंच नाही."

"त्रेसष्टावं पान कोरं आहे," आर्डिस म्हणाली. "अंडं उकडून दाखव, घालते."

आर्विडनं प्रुफं खाली ठेवली. उठला, पँट वर ओढली आणि कमिटीच्या बैठकीला जावं तसा स्वयंपाकघरात गेला. कपाटं उघडल्याचे आणि मिटल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. शेवटी एक भांडं पडलं. बहुधा तेच हवं होतं.

"ममा, पाणी किती?"

आर्डिस लिहीत राहिली.

"ममा! पाणी किती घालायचं?"

तिनं पेन्सिलचं टोक पाहिलं, फुंकर घातली.

आत नळ सुटला, लगेच बंद झाला. एखादं जुनं कुलूप कुरकुरत उघडावं तसं घसा खाकरणं ऐकू आलं.

"आर्डिस?"

"अंडं बुडेल इतकं," ती म्हणाली, आणि तेच शब्द तिनं त्रेसष्टाव्या पानावर लिहून घेतले. खाली नावाची जागा तूर्त मोकळी ठेवली. अंडं अजून उकडायचं होतं.