विसरोबा

घराच्या चाव्या शेवटी फ्रीजमध्ये निघाल्या, अंड्यांच्या शेजारी.

दूध काढायला गेलेल्या मुलीने त्या दोन बोटांत धरून वर केल्या. नाताळची सकाळ, आणि सगळ्यांनी मिळून गाद्यासुद्धा उलट्या करून पाहिलेल्या.

"मीच ठेवल्या," आजोबा स्टुलावरून म्हणाले. सकाळपासून ते हॉलमधल्या झाडावर दिव्यांची माळ चढवत होते आणि नात खालून स्टूल धरून उभी होती. "माझंच चुकलं."

"विसरोबा! विसरोबा!" नात ओरडली. धाकट्या नातवाने लगेच री ओढली.

मुलगा हसला नाही. त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण नर्स, तिला अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. ते पाहून आजीने घाईघाईने फ्रीजचं दार लावून टाकलं.

काल आल्या आल्याच मुलाने तिला बाजूला घेतलं होतं. "आई, फोनवर ऐकतोय ते काही बरं नाही. कधी गॅस चालू राहतो, कधी नळ वाहत राहतो. विचारलं की बाबा म्हणतात, मीच. एक चांगली संस्था बघून ठेवलीये. चोवीस तास माणसं असतात तिथं. उद्या जेवणं झाली की ठरवून टाकू."

"संस्थेत? मी जिवंत असताना?" आजी कडाडली होती. पण कडाडून काय उपयोग? पोरगं लहानपणापासून हट्टी. एकदा मनात आलं की करून मोकळं.

म्हणजे आजचा दिवस निभला पाहिजे. बस.

आणि माणूस तरी कोण? आजोबांनी उभा जन्म नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढला होता. विंगेत अंधारात उभं राहायचं, नट अडखळला की हळूच वाक्य सुचवायचं. तरीही फजिती झालीच तर "माझंच चुकलं" म्हणून मालकाच्या शिव्याही आपणच खायच्या. नाटकंच्या नाटकं तोंडपाठ. अशा माणसावर ही वेळ यावी!

आजीने त्यांना दारामागे गाठलं. "अहो, हात जोडते तुमच्यापुढे. आज तोंडाला कुलूप लावा. काही झालं की लगेच 'मीच, मीच' करत पुढे होऊ नका."

"बरं," आजोबा म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर चढले.

जेवायला सगळे बसले. सूपचा पहिला चमचा तोंडात जाताच नातवाने तो परत वाटीत सोडला.

"आजी, हे समुद्राचं पाणी आहे?"

मुलाने चव घेतली, चमचा खाली ठेवला.

"मीठ मी टाकलं," आजोबा म्हणाले. "येता-जाता. मला वाटलं, राहिलंय."

"तुम्हाला स्वयंपाकघरात यायला सांगितलं होतं कुणी?" आजी इतकी संतापली की तिचा आवाज चिरकला. ती जीव तोडून सावरत होती आणि हा गृहस्थ आपल्याच पायावर धोंडा मारून घेत होता! तिला रडू यायचंच बाकी राहिलं. विषय बदलायला ती मुलीकडे वळली. "प्रवास बरा झाला ना गं?"

"हो गं आई. काल सांगितलं की."

मग भेटी उघडल्या. मुलीने आईच्या खांद्यांवर नवी शाल घातली. आजीने विणलेल्या टोप्या निघाल्या, तर दोन्ही गुलाबी, दोन्ही नातीच्या मापाच्या. एक नातवाच्या नाकापर्यंत उतरली. त्याने भोकाड पसरलं.

"लोकर मी आणली आणि मापही मीच सांगितलं," आजोबा म्हणाले. "म्हातारा झालो, झालं."

मुलाने खुर्ची मागे सरकवली. "आई, आता बास. उद्या यांनी घर पेटवलं तर?"

"मी काय मेलेय?" आजी उठून उभी राहिली. "ऐक. त्यांची औषधं, त्यांचा चष्मा, त्यांची झोप, सगळं मला पाठ आहे. त्यांना परक्यांत नेऊन टाकलंत तर आठ दिवसांत हाय खातील. न्यायचंच असेल तर आधी मला न्या!"

मुलगी उठून तिच्या पाठीवर हात फिरवू लागली. मुलाने आजोबांना विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

आजोबा नातवाच्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "हिच्याशिवाय मला जमायचं नाही रे. आम्हाला एकत्र राहू दे. एवढंच."

मुलाने हात टेकले. "ठीक आहे. आई आहे म्हणून हं. आई, तू लक्ष ठेवशील ना?"

"डोळ्यांत तेल घालून," आजी म्हणाली. तिला वाटलं, आपण गड जिंकला.

संध्याकाळी चौघं निघाली. गाडीच्या काचेतून नात ओरडली, "टाटा, विसरोबा!" मुलाने आजीला पुन्हा एकदा बजावलं, तिनेही पुन्हा मान डोलावली. मग गारठा वाढला म्हणून ती आत गेली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत आजोबा फाटकाशी हात हलवत राहिले, आणि नंतरही बराच वेळ तिथेच उभे होते.

ते घरात आले तेव्हा झाडावरचे दिवे लागले होते. टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता आणि सहा ताटं मांडलेली. आजी नवी शाल लपेटून खिडकीपाशी उभी होती आणि रस्त्याकडे बघत होती.

"अहो, अंधार पडला की. पोरं अजून कशी आली नाहीत? नाताळला येणार होती ना?"

आजोबांनी दार लावलं आणि चाव्या स्वतःच्या खिशात टाकल्या.

"माझंच चुकलं गं," ते म्हणाले. "त्यांना बोलवायचंच विसरलो."