वरचा सूर

बाळंतपणाची रजा संपून ती कामावर रुजू झाली, तेव्हापासून तान्ही लेक दिवसभर नवऱ्याकडे असायची. दुपारी तिने काळजीने फोन केला की तो म्हणायचा, "अगं, गाढ झोपलीय. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस."

आज लेकीला मावशीकडे ठेवून ती त्याच्या कार्यक्रमाला आली होती. मंचावर तो एकटाच, आणि पायाशी लूपर, वाजवलेलं टिपून पुन्हा पुन्हा फिरवणारं पेडलचं यंत्र. त्याने गिटारच्या पाठीवर थाप मारून पेडल दाबलं, थाप फिरत राहिली. थापेवर तारा चढल्या, तारांवर गुणगुणणं. मग आधीच साठवलेला एक आवाज त्याने उलटा फिरवून, वेग निम्मा करून वर सोडला. लांबलचक, कातर, काळीज चिरणारा. सभागृह चिडीचूप झालं.

आणि तिला एकदम पान्हा फुटला. ओढणी छातीशी घट्ट धरून ती कावरीबावरी झाली. लेक तर इथे नव्हतीच!

"हे वाद्य कुठलं हो?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"वाद्य कसलं, काका! लेक आहे माझी. भुकेली होती. म्हटलं, बाटली जरा लांबवू. तासाभराने कुठे असा सूर लागला!"

लोक खळखळून हसले. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. उद्या सकाळी लेक पुन्हा ह्याच हातांत द्यायची होती.


"वन्स मोअर!" मागून आरोळी आली, आणि त्याने हसत पेडलवर पाय ठेवला.