वाटीभर पाणी

माशा-पोवळ्यांची टाकी सांभाळायला येणाऱ्या टाकीवाल्याने परीक्षानळी उजेडात धरली. पाणी गडद निळं झालं होतं, म्हणजे शेवाळ माजवणारं फॉस्फेट पुन्हा वाढलं होतं. साहेबांनी त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं.

"महिनाभर रोज दोन तास शेवाळ घासतोय मी! माझी पोवळी मेली, तर तुला जिता सोडणार नाही!"

साहेब तणतणत नवा ब्रश आणायला वर गेले. ओठाचं रक्त धुवायला टाकीवाला स्वयंपाकघरात शिरला, तर घरच्या बाई माशांच्या गोठवलेल्या खाण्याचं वितळलेलं पाणी वाटीत जपून काढत होत्या. ते टाकीत गेलं की फॉस्फेट वाढतं, मोरीत ओता, असं त्यानेच त्यांना पहिल्या दिवशी बजावलं होतं.

"बाई, हे टाकीत घालता तुम्ही?"

बाईंचा एक डोळा सुजून पार मिटला होता. "घासताना त्यांचे हात पाण्यात असतात, दादा. तेवढे दोन तास मला मार बसत नाही."

जिन्यावर पावलं वाजली. टाकीवाला बाहेर येऊन टाकीपाशी उभा राहिला.

"बोल, आता काय करायचं?" साहेब गरजले.

"अवघड आहे, साहेब. रोज चार तास घासावं लागेल."