बायडाबाईचा पट्टा

बायडाबाईच्या मनगटावरच्या सरकारी पट्ट्याने आरोग्य केंद्राला कळवलं, की तिच्या यकृतात चपटे कृमी झालेत. दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोग्यसेविका केतकी औषध घेऊन तळ्याकाठच्या मेंढवाड्यावर पोचली. बायडाबाई चुलीपुढे होती. तिच्या हातात नुसत्या बांगड्या!

"पट्टा कुठाय? यकृतात कृमी झालेत म्हणून कळवलंय त्याने."

तिच्या नवऱ्याने, धुळाबाने, हौसेने कळपाकडे बोट केलं. पट्टा एका मेंढीच्या पायात होता. "काळजातला किडा मेंढरालाच व्हतो, ताई. माणसाला कशाला? पर कसा बराबर वळखला बगा!"

केतकीला हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिचं लक्ष बायडाबाईकडे गेलं. उजवं कोपर बरगडीखाली दाबून ती डाव्या हाताने भाकरी थापत होती. डोळ्यांचे कोपरे हळदीसारखे पिवळे.

"कधीपासून दुखतंय?"

"झाला की म्हैनाभर. अधनंमधनं तापबी येतोय."

केतकीने पट्टा सोडवून, पुसून तिच्या मनगटाला बांधला. घटकाभरात तो तांबडा झाला; कृमी तिच्या यकृतातही होते.

"मेंढीला तर म्या कालच औषध पाजलं," धुळाबा पुटपुटला.

"व्हय की," बायडाबाई भाकरी उलटत म्हणाली. "मीच धरली हुती तिला."