बोटभर बांध

बायको गेल्यापासून रूपचंद बोलेनासा झाला होता. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, "दुःखाने अंगात चिंतेचा रस वाढतो. मग मेंदूतल्या पेशींचे निरोप एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. या नव्या गोळ्या वाट मोकळी करतील, पण तीन आठवडे धीर धरा." अठरा दिवसांत फरक पडला नाही. गोळ्यांची बाटली विहिरीत टाकायला रूपचंद निघाला. वाटेत शेजारी उखा नांगराने दोघांच्या शेतांमधला बांध कोरत होता. रोज बोटभर कोरायचा, रोज रूपचंद मुकाट पुढे जायचा. आज मात्र कडाडला, "चोट्टा, कोन्हा बापना बांध कोरी ऱ्हायना?" उखा आनंदाने ओरडला, "धनुबाई, तुन्हा भाऊ भांडना वं!" रूपचंदच्या बहिणीने धावत येऊन बाटली काढून घेतली. तिनेच उखाला कोरायला लावलं होतं. ती म्हणाली, "बांध भरी देसू दादा, आखो एक शिवी दे!" रूपचंदने दोन दिल्या.