तिसरं समीकरण

खोडून खोडून कागदाला भोक पडलं. तिने पेन्सिल टेबलावर आपटली. ती घरंगळत खाली गेली आणि बाबांच्या पायाशी थांबली.

"सूत्रं सगळी पाठ आहेत मला," ती म्हणाली. "झोपेतून उठवून विचारा. कुठलं कुठे लावायचं, तेवढंच कळत नाही."

"मग पाठ करून काय फायदा? कुठला गिअर कधी टाकायचा ते कळत नसेल, तर गाडी जागची हलते का?" बाबा खेकसले. वीस वर्षं बस चालवलेला माणूस तीन आठवडे घरात बसून होता. त्यामुळे पंख्याच्या आवाजापासून गळक्या नळापर्यंत सगळंच त्यांच्या डोक्यात जात होतं.

उद्या दोघांचीही परीक्षा होती. तिची भौतिकशास्त्राची, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी ती सपशेल आपटली होती, आता आपटली तर अख्खं वर्ष हातचं जाणार होतं. बाबांची परीक्षा डेपोत, चौकशी समितीपुढे. शाळेच्या वळणावर त्यांच्या बसने एका सायकलला उडवलं होतं, आणि सायकलवर होते तिचेच विज्ञानाचे सर. गुडघ्याचा पार चुरा झाला होता. सरांना त्या सकाळचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. "माझंच लक्ष नसेल हो, डोक्यात सतत काहीतरी चालू असतं माझ्या," असं ते दवाखान्याच्या खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. उद्या तसं ते लिहूनही देणार होते. त्यांनी सही केली की चूक सरांची, आणि बाबा परवापासून कामावर.

तिला खरं तर सरांचाच राग येत होता. ऐन परीक्षेच्या तोंडावर बससमोर यायची काही गरज होती का? मग असं मनात आल्याची तिला लाज वाटायची, आणि त्या लाजेचाही राग यायचा.

वर्गात सर म्हणायचे, "गणित आलं की आधी हजेरी घ्या. सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग, त्वरण, अंतर, वेळ. पाचच मुलं आहेत वर्गात. तिघं हजर असतात, चौथ्याला शोधायचं असतं. पाचवा गैरहजर, त्याची कुणाला फिकीर नाही. तो ज्या समीकरणात नाही, ते उचला." वर्गात सगळे हसायचे. तीही हसायची, आणि घरी आली की सगळं विसरायची.

पुस्तकातल्या आगगाड्यांना ती विटली होती. टेबलावर बाबांच्या चौकशीचे कागद पडले होते. तिने ते पुढे ओढले.

"बाबा, मी तुमचंच गणित सोडवते. तुम्ही सांगताय तसं ताशी छत्तीसच्या वर नव्हता, हे आकड्यांनी सिद्ध करून देते. उद्या टाका त्या समितीच्या तोंडावर."

बाबांनी नजर पंख्याकडे वळवली. आई त्यांचा गणवेश इस्त्री करत होती. ती म्हणाली, "करू दे की. तेवढाच तिचा सराव होईल."

पहिल्या पानावर लिहिलं होतं, टायर घासल्याच्या खुणा चाळीस मीटर, त्यापुढे बस उभी. चौथ्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात बसची चाचणी होती. तोच रस्ता, चालकाने सांगितला तोच वेग, ताशी छत्तीस. ब्रेक दाबल्यावर बस दहा मीटरमध्ये थांबली. ब्रेक उत्तम. खाली शिक्का होता. ही दोन पानं कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

तिने हजेरी घेतली. शेवटचा वेग शून्य, हजर. अंतर हजर. त्वरण चाचणीच्या आकड्यांवरून निघालं. सुरुवातीचा वेग शोधायचा. आणि वेळ गैरहजर! म्हणजे तिसरं समीकरण. ते इतकं सहज हाताला लागलं की तिला हसूच आलं. तिने भराभर आकडे भरले, वर्गमूळ काढलं, सेकंदाचे तास केले.

बहात्तर.

तिने खोडलं. पहिलं समीकरण घेतलं तर त्यात वेळ आडवी आली. दुसऱ्यातही तेच. पुन्हा तिसरं घेतलं. पुन्हा बहात्तर, छत्तीसच्या बरोबर दुप्पट.

मग मात्र तिचा बांध फुटला. "मला नाहीच येणार हे! उत्तर आधीच माहीत असलेलं गणित, तेसुद्धा चुकतंय. उद्या मी परीक्षेला बसतच नाही. जाऊ दे वर्ष!"

"अगं, रडतेस काय?" आई म्हणाली. "सूत्र चुकलं असेल. खोड आणि नव्याने कर." तिने इस्त्री केलेला गणवेश हँगरला लावून दारामागे अडकवला.

बाबांनी गणवेशाकडे पाहिलं. मग वाकून पायाशी पडलेली पेन्सिल उचलली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि खोडरबर उचललं.

बाबांनी तिचा हात धरला.

"खोडू नकोस," ते म्हणाले. "बरोबर आलंय."