चौथ्या भागातली चूक

“चौथ्या भागात निळी म्हणते, ‘आपण जाऊ.’ आणि बाराव्यात पिवळीला टाकून कप्तानाबरोबर खुशाल जहाजात चढते. मधले सात भाग लेखक काय झोपा काढत होता?” चष्मेवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बिस्किटांचा पुडा फोडला.

रविवारची दुपार होती. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या खुर्चीत नर्सबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि लॅपटॉपसमोर दोघी बहिणी, ताई आणि धाकटी. मालिका जपानी, कार्टूनची. पुढच्या कुठल्याशा शतकातलं शहर, तिथले दिवे गाण्यावर जळतात, आणि गाणाऱ्या दोन बहिणी. एकीचे केस निळे, एकीचे पिवळे, म्हणून ही नावं. खरी नावं ताई सोडून कुणाच्या जिभेवर बसली नव्हती. ताई जपानी शिकलेली. मराठी सबटायटल्स तीच लिहायची. तिने लिहिल्याशिवाय बाकीच्या तिघांचं पान हलत नसे.

“दिवे गाण्यावर जळतात ना?” नर्सबाई म्हणाल्या. “मग दोघी झोपल्यावर रस्त्यात उजेड कसला? बॅटरीचा?”

“तेच तर!” चष्मेवाला म्हणाला. “आणि कहर म्हणजे ती पिवळी. सख्खी बहीण चाललीय आणि ही बंदरावर नुसती उभी. ना राग, ना आश्चर्य. शेजारीण चालली असती तरी माणूस हात हलवतो.”

एरवी धाकटी मालिकेची वकील. तिच्यापुढे लेखकाला नावं ठेवायची सोय नव्हती. आज मात्र ती लेखकाची बाजू न घेता ताईकडे बघत होती. तिला संशय येत होता, पण तो लेखकाचा नव्हता.

एका भागाला ताईला महिना लागायचा. एकेका शब्दावर ती अशी अडून बसायची की दूध उतू गेलं तरी उठायची नाही. आणि शेवटचे चार भाग तिने नऊ दिवसांत उरकले होते. फोन आला की हल्ली ती गॅलरीत जायची, वर दार लोटून घ्यायची. विचारलं की म्हणायची, “ऑफिसचं गं.” ऑफिसच्या फोनवर कुणी इतकं हळू बोलत नाही.

“ताई, चौथा भाग लाव ना,” धाकटी म्हणाली.

“आता कशाला? पाठ झालाय तो सगळ्यांना.”

“मग लावायला काय हरकत आहे?”

ताईने लावला. निळी खिडकीपाशी, पिवळी तिच्यासमोर. निळीचे ओठ हलले, खाली अक्षरं आली: आपण जाऊ. धाकटीने चित्र थांबवलं आणि बोट ठेवलं. दारात कप्तान उभा होता. निळी त्याच्याकडे बघत होती.

“मूळ शब्द काय आहे गं?”

ताईने पुड्यातलं बिस्किट उचललं. “त्यांच्यात एकच शब्द आहे. आपणलाही तोच आणि आम्हीलाही तोच. संदर्भ बघून आपण ठरवायचं.”

“तू ‘आपण’ ठरवलंस.”

“तेव्हा मला तसंच वाटलं होतं.”

“पण ती कप्तानाकडे बघून बोलतेय. ‘आम्ही जाऊ’ म्हणतेय, म्हणजे ती आणि कप्तान. बहिणीला फक्त कळवतेय.”

चष्मेवाला उडालाच. “अरे, म्हणजे लेखक निर्दोष! पिवळीला चौथ्या भागापासून सगळं माहीत होतं, म्हणून ती बंदरावर इतकी शांत! आणि आपण आठवडाभर त्या बिचाऱ्याच्या नावाने खडे फोडतोय. गुन्हेगार इथे बसून माझी बिस्किटं खातोय!” तो मनापासून खूश झाला.

“थांबा, दुरुस्तच करून टाकते,” ताई म्हणाली. तिने ‘आपण’ खोडलं, ‘आम्ही’ लिहिलं आणि फाइल सेव्ह केली. एका शब्दासाठी दूध घालवणारी बाई दोन सेकंदसुद्धा अडली नाही.

“कधी निघताय?” धाकटीने विचारलं.

नर्सबाईंना वाटलं, मालिकेतलंच काहीतरी असेल. पण ताईला धाकटी कधी अहो-जाहो करत नसे. ‘निघताय’ मध्ये किती माणसं आहेत, ते ताईला बरोबर कळलं. तिची मान खाली गेली.

“एक तारखेला,” ती म्हणाली. “ते फोन त्याचेच असायचे. त्याची बदली झाली. मीही तिकडेच नोकरी बघितलीय. आम्ही दोघं... तुला सांगणारच होते गं. कसं सांगू, तेच सुचत नव्हतं.”

धाकटीचा संशय खरा ठरला होता. खरा ठरल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि चारचौघांत रडू येईल की काय याची भीतीही वाटली.

नर्सबाईंनी हळूच पाय खाली सोडले. चष्मेवाल्याने पुडा पुढे केला, कुणी हात लावला नाही, म्हणून परत ठेवला.

“चला,” तो म्हणाला, “निदान गोष्टीतला दोष तरी मिटला.”

“नाही मिटला,” धाकटी म्हणाली. “तिला आधीपासून माहीत होतं, हे मान्य. पण म्हणून कुणी असं नुसतं उभं राहतं का? लेखकाला बहीण नसणार.”